जाब कुणी द्यायचा?

1881 साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला फाशीची शिक्षा झाली. लोकलाजेपायी तिने पोटचं अर्भक मारलं होतं. शिक्षा पुढे कमी झाली, पण वर्तमानपत्रांना विषय मिळाला. पुण्याच्या 'पुणेवैभवा'ने समस्त बायकांच्या चालचलणुकीवर तोंडसुख घेतलं. त्या मुलाला बापही होता, ही गोष्ट बाजूलाच राहिली.

बुलढाण्यात बसून ताराबाई शिंदे यांनी त्यावर लेखणी उचलली. 1882 मध्ये पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यातून 'स्त्रीपुरुषतुलना' बाहेर पडलं. प्रती 500, किंमत नऊ आणे. पुस्तकाची रीत अशी की, पोथ्यापुराणांनी नि नाटककथांनी बायकांच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण घ्यायचा आणि तोच पुरुषांच्या पदरात किती आहे ते मोजून दाखवायचं. बायको जाताच दुसरी करणारा नवरा विधवेला मात्र कोपऱ्यात का बसवतो? स्वतः साहेबी पोशाख चढवून धर्म सोयीने वाकवणारा पुरुष बायकोकडूनच सगळं सोवळं का पाळून घेतो? सुधारकांची सभा तेव्हा स्त्रियांच्या उद्धारावर बोलत होती. सुधारायचं कुणी, हा प्रश्न ताराबाईंनी उलटा फिरवला. माझ्या मते आपल्याकडे पुरुषांकडे जाब मागण्याची खरी सुरुवात इथे होते.

ताराबाईंचं माहेर सत्यशोधकी विचारांचं होतं. जोतीराव फुल्यांनी 1885 च्या 'सत्सारा'त त्यांची बाजू घेतली. त्यानंतर हे पुस्तक जवळजवळ नाहीसंच झालं. थेट 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा वाचकांपुढे आणलं. मधली नव्वदवर वर्षं मराठी पुरुषांच्या पिढ्यान्‌पिढ्या हे पुस्तक न वाचता मोठ्या झाल्या, याची हळहळ मला आजही वाटते.

तरी ताराबाईंच्या प्रश्नाला त्याच काळात एक उत्तर मिळालं होतं, आणि ते पुरुषांकडून आलं होतं. विधवेचं केशवपन हा धर्म म्हणून सांगितला जाई. सांगणारे भटजी, घडवून आणणारे घरचे कर्ते पुरुष, आणि प्रत्यक्ष वस्तरा चालवणारा न्हावी. 1890 मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने शेकडो न्हावी एकत्र आले आणि विधवेच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असं त्यांनी ठरवलं. लोखंडे 'दीनबंधु'चे संपादक, गिरणी कामगारांचे पुढारी; संपाचं बळ काय असतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. या सभेपाशी मला थांबावंसं वाटतं. ही रूढी न्हाव्यांनी काढलेली नव्हती. जातीच्या उतरंडीत त्यांचं स्थान असं की, 'आम्ही हुकमाचे ताबेदार' म्हणून त्यांना सहज सुटता आलं असतं. तरी वस्तरा आपल्या हातात आहे आणि तो खाली ठेवणंही आपल्याच हातात आहे, हे त्यांनी मान्य केलं. ज्यांनी हुकूम सोडले, त्या शिकल्यासवरल्या घरांतून असा ठराव झाल्याचं मी कुठे वाचलेलं नाही.

पुढे र. धों. कर्वे 1927 पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत पुरुषांच्या दुटप्पी नीतीवर लिहीत राहिले, खटले अंगावर घेत राहिले. मग 1982 मध्ये पुण्यात नवविवाहित मंजुश्री सारडा यांच्या संशयास्पद मृत्यूने शहर हादरलं. 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन निघालं, नारी समता मंच उभा राहिला, आणि स्त्रियांनीच पुन्हा पुरुषांना हाक घातली. मुंबईत 1991 साली पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी वृत्तपत्रातून आवाहन केलं: बायकोला मारणं ज्यांना अमान्य आहे त्या पुरुषांनी पुढे यावं. दोनशेच्या वर पुरुषांनी प्रतिसाद दिला आणि 1993 मध्ये 'मावा' ही पुरुषांची संघटना झाली. हरीश सदानी आणि त्यांचे सहकारी तेव्हापासून कॉलेजांतल्या मुलग्यांशी बोलत आले आहेत: छेडछाड, टोमणे, घरातली दमदाटी, मर्दानगीच्या कल्पना.

कायदाही बदलला. 1997 मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबतचा विशाखा निकाल आला, 2013 मध्ये पाठलाग आणि चोरून पाहणं हे गुन्हे ठरले. याचं मोल मोठं आहे. पण कायदा तक्रार आल्यावर हलतो, आणि तक्रारीचं ओझं पुन्हा तिच्याच खांद्यावर असतं. रोज कानावर पडणाऱ्या शिवीसाठी कुणी चौकीत जात नाही.

म्हणून मला अलीकडचे दोन ग्रामसभांचे ठराव न्हाव्यांच्या त्या सभेचे वारस वाटतात. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने विधवेचं कुंकू पुसणं, तिच्या बांगड्या फोडणं बंद करायचं ठरवलं. राज्य सरकारने काही दिवसांतच इतर ग्रामपंचायतींनाही तसं सुचवलं. नोव्हेंबर 2024 मध्ये नेवासे तालुक्यातल्या सौंदाळ्याने आईबहिणीवरून शिवी देणाऱ्याला 500 रुपये दंड ठरवला. भांडण दोन पुरुषांचं आणि अब्रू निघते घरात बसलेल्या बाईची, हे गावाने चारचौघांत बोलून दाखवलं.

आता दंडाची पावती फाडायची तर शिवी ऐकणाऱ्याने साक्ष द्यायला हवी. पारावर, रिक्षा स्टँडवर, क्रिकेटच्या मैदानावर ऐकणारे बहुतेक पुरुषच असतात, आणि शिवी देणारा त्यांचा मित्र असतो.