विद्युत रेडिएटर पंखा
मोटारीच्या रेडिएटरमधून हवा खेचून त्यातील शीतकाची, म्हणजे एंजिनातून फिरणाऱ्या द्रवाची, उष्णता बाहेर टाकणारा, विद्युत मोटरवर चालणारा पंखा. एंजिनाला जोडलेल्या पट्ट्यावर चालणारा पंखा एंजिनाची शक्ती सतत खर्च करतो, तर हा पंखा मुख्यतः गाडी थांबलेली वा मंदगती असतानाच लागतो. मोठा पंखा १२ व्होल्टवर २० ते ३० अँपिअर आणि सुरू होताना क्षणभर त्याहून बराच अधिक प्रवाह घेत असल्याने, तो रिलेमार्फत, म्हणजे अल्प प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचमार्फत, जोडतात. रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाला बॅटरी, ८७ ला पंखा आणि ८५ व ८६ ला तापमान-स्विचचे मंडल जोडले जाते. वायर घासून शॉर्टसर्किट झाल्यास आग लागू नये, यासाठी फ्यूज बॅटरीलगतच बसवणे अत्यावश्यक असते.