१७. इंडोह्युस

सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा, मांजराएवढा, खुरांचा सस्तन प्राणी; देवमाशांच्या ज्ञात आप्तांपैकी सर्वांत जवळचा. भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी काश्मीरच्या दक्षिणेकडील कालाकोट येथील जीवाश्मांवरून १९७१मध्ये हे नाव दिले. त्यांनी जमवलेले बरेच दगड न फोडताच राहिले. पुढे त्यांच्या पत्नीने ते जीवाश्मतज्ज्ञ हान्स थेविसेन यांच्याकडे सोपवले. दगड साफ करताना कानाजवळचे एक हाड तुटले आणि त्याची आतली कड केवळ देवमाशांत आढळावी इतकी जाड दिसली. २००७मध्ये थेविसेन, सुनील बाजपेयी आदींनी इंडोह्युस देवमाशांचा जवळचा आप्त असल्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. पायांची हाडे पाणघोड्यासारखी जाड भिंतींची, म्हणजे पाण्यात तळाशी चालण्याजोगी. आहार मात्र बहुधा वनस्पतींचा. तेव्हा देवमाशांचे पूर्वज मासे खाण्यासाठी पाण्यात उतरले, ही समजूत टिकत नाही. ते बचावासाठी उतरले असावेत: सह्याद्रीतील पिसोरी या छोट्या हरणासारख्या प्राण्याचा आफ्रिकी भाऊबंद आजही संकट येताच पाण्यात बुडी मारतो.

पाण्यात उतरलेल्या दुसऱ्या सस्तन प्राण्याचा, सीलचा, वंश वेगळा: तो अस्वलांच्या जवळच्या मांसभक्षी शाखेतला. कॅनडातील डेव्हन बेटावरचा, २००९मध्ये वर्णिलेला ‘पुइजिला’ हा त्या वंशाचा चार पायांवर चालणारा प्राचीन नमुना. पुण्याच्या आसपास मात्र देवमाशांच्या किंवा सीलच्या पूर्वजांचे असे अवशेष शोधणे व्यर्थ. इथला काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे पहिल्या देवमाशाहूनही जुना.