संघ-न्यायालयाचे न्यायमूर्ती कै. मुकुंदराव जयकर

आपल्या पाठारे प्रभु ज्ञातीत जन्मास आलेल्या कर्तृत्ववान पुरुषांची गणना होते, तेव्हा कै. डॉ. मुकुंदराव रामराव जयकर यांचे नाव आपण अभिमानाने उच्चारतो. बॅरिस्टर, फेडरल कोर्टाचे न्यायाधीश, प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीचे सभासद, पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू ही पदांची मालिका आपल्या मुलांनाही मुखोद्गत असते. परंतु त्या पदांवर बसून त्यांनी केले काय, असे कोणी विचारले म्हणजे आपण बहुधा निरुत्तर होतो. नुसत्या पदांचा अभिमान हा पोकळ अभिमान होय. म्हणून त्यांच्या न्यायदानाचा एक प्रसंग येथे सांगावयाचा आहे.

मुकुंदरावांचा जन्म १८७३ साली झाला. मुंबईच्या हायकोर्टात त्यांनी नाव मिळविले. पंजाबातील अत्याचारांच्या चौकशीसाठी काँग्रेसने नेमलेल्या समितीत गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी व फझलुल हक यांच्यासमवेत ते होते. पुढे ते मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. १९२७ साली नेमलेल्या रस्ते-समितीचे ते अध्यक्ष झाले. मोटारींची वाहतूक वाढत होती, आणि रस्त्यांचा भार प्रांतांना व स्थानिक संस्थांना पेलवत नव्हता. यास्तव पेट्रोलवर जादा कर बसवून ते उत्पन्न रस्त्यांसाठी खर्चावे, अशी शिफारस समितीने केली. त्यानुसार १९२९ साली गॅलनमागे दोन आण्यांचा मध्यवर्ती कर सुरू झाला.

१९३५ च्या कायद्याने मध्यवर्ती सरकार व प्रांत यांच्यात अधिकारांची वाटणी केली. वाटणी आली की तंटा आलाच, व तंट्यास निःपक्षपाती पंच हवाच. तो पंच म्हणजे १ ऑक्टोबर १९३७ रोजी दिल्लीस स्थापन झालेले फेडरल कोर्ट. सर मॉरिस ग्वायर हे सरन्यायाधीश आणि सर शाह महंमद सुलेमान व जयकर हे दोघे न्यायाधीश, असे तिघेच त्या आसनावर होते.

या न्यायालयापुढे आलेला पहिलाच महत्त्वाचा प्रश्न पेट्रोलचाच निघाला! मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने पेट्रोल व वंगणतेल यांच्या किरकोळ विक्रीवर शेकडा पाच कर बसविला होता. मध्यवर्ती सरकारचे म्हणणे असे की, हे वस्तुतः उत्पादनशुल्क आहे, व ते घेण्याचा अधिकार केवळ आमचा. प्रांताचे उत्तर असे की, हा विक्रीवरील कर आहे, व तो कायद्याने आम्हांस दिलेला आहे.

डिसेंबर १९३८ मध्ये तिन्ही न्यायाधीशांनी स्वतंत्र मतपत्रे लिहिली व तिघांनीही प्रांताच्या बाजूने कौल दिला. ज्या गृहस्थाने दहा वर्षांपूर्वी पेट्रोलवर मध्यवर्ती कर सुचविला, त्यानेच न्यायासनावर बसल्यावर त्याच वस्तूवरील प्रांताचा हक्क मान्य केला. समितीत प्रश्न सोयीचा होता, न्यायालयात तो कायद्याचा होता. हा भेद त्यांनी नेमका ओळखला. पुढे विक्रीकर हा राज्यांच्या उत्पन्नाचा मोठा आधार ठरला. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हाही पेट्रोल त्यातून वगळून राज्यांच्या विक्रीकराकडेच ठेवण्यात आले.

अवघ्या सव्वा वर्षात, १९३९ च्या आरंभी, मुकुंदराव ते आसन सोडून प्रिव्ही कौन्सिलकडे गेले. १९४६ साली ते घटनासमितीत आले. मुस्लिम लीग व संस्थाने यांचे प्रतिनिधी येईपर्यंत ध्येयविषयक ठरावाचा निर्णय पुढे ढकलावा, ही त्यांची सूचना अनेकांना रुचली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मात्र आपल्या भाषणात तिची बाजू घेतली. १९४७ साली जयकरांनी सभासदत्व सोडले, आणि फाळणीमुळे बंगालची जागा गेलेले बाबासाहेब मुंबईतून त्यांच्याच रिकाम्या जागेवर निवडून आले. ही जागा जयकरांनी त्यासाठी सोडली होती असे नव्हे. परंतु ज्या देशात जन्मावरून माणसाची जागा ठरे, तेथे आपल्या ज्ञातीच्या पुरुषानंतर त्या जागेवर राज्यघटनेचे शिल्पकार बसले, ही गोष्टही आपण आपल्या मुलांस तितक्याच अभिमानाने सांगितली पाहिजे.

१० मार्च १९५९ रोजी मुकुंदराव निवर्तले. पुण्याच्या विद्यापीठातील ग्रंथालयास त्यांचे नाव आहे. ज्ञातीच्या कार्यात, ट्रस्टच्या सभेत वा घरच्या वाटणीत निवाडा करण्याचा प्रसंग आपणांवरही येतो. तेव्हा आपले पूर्वीचे मत व आपला माणूस बाजूस ठेवून जो न्याय्य पक्ष तोच उचलून धरणे, हेच त्यांचे खरे स्मारक होईल.