कोणाची विमानं?

२९ एप्रिल २०११. लंडनला राजपुत्र विल्यमचं लग्न होतं आणि आमच्याकडे बीडला उन्हाळा. दुपारचं लोडशेडिंग संपून वीज आली तेव्हा पाच वाजून गेले असतील. कूलर लावला, टीव्ही लावला. ज्या चॅनलवर जावं तिथे तेच लग्न. मी बदलायला लागलो तर बायको म्हणाली, राहू द्या, नवरीचा पोशाख तरी बघू. आजी खाटेवर पडून होती. तेव्हा ती ऐंशीच्या घरात. डोळ्यांत मोतीबिंदू, कान मात्र शाबूत.

सहाच्या सुमारास नवरा-नवरी राजवाड्याच्या सज्जात आले आणि वरून विमानं गेली. आधी तीन जुनी विमानं, मध्ये मोठं लँकेस्टर आणि सोबत छोटी स्पिटफायर आणि हरिकेन. मागून चार जेट. जुन्या विमानांचा तो पंख्यांचा जड घुमारा टीव्हीतून आला आणि आजी एकदम उठून बसली.

"इमान आलं का रं?"

आम्ही हसलो. म्हटलं, आजी, टीव्हीत आलंय, लंडनला.

"आवाज वळखीचा हाय," ती म्हणाली. "आत्ताच्या इमानाचा न्हाई असा."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "कोणाची म्हनायची ही?" मी म्हटलं, इंग्लंडच्या राणीची. मग तिनं तो प्रश्न विचारला जो ती ट्रॅक्टरपासून मोबाइलपर्यंत प्रत्येक गोष्टीबद्दल विचारायची. "कितीला पडत असंल एक?"

मला काय माहीत! मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

आजीला तो आवाज ओळखीचा का वाटला, ते आम्हाला घरात सगळ्यांना पाठ होतं. तिची गोष्ट १९४८ च्या सप्टेंबरातली. ती सोळा-सतरा वर्षांची, गेवराई तालुक्यातल्या आमच्या गावी नुकतीच नांदायला आलेली. बाजरी निसवलेली होती. रझाकारांच्या भीतीनं गावातले तरणे पुरुष हद्द ओलांडून नगर जिल्ह्यात गेलेले. तिकडे भारत सरकारचं राज्य, इकडे निजामाचं. एका सकाळी बायका रानात असताना आभाळातून घुमारा आला. कोणी म्हणालं भुंग्यांचं मोहळ उठलं. मग ते दिसलं. बायका बाजरीत आडव्या झाल्या. विमान गावावरून सरळ निघून गेलं, काही टाकलं नाही, काही झालं नाही. पण आजीच्या आयुष्यातलं ते पहिलं विमान. चार दिवसांनी निजामाचं राज्य संपल्याची बातमी गावात आली. त्यामुळे तिच्या डोक्यात या दोन गोष्टी कायमच्या एकत्र बसल्या: विमान आलं आणि राजा गेला.

आता जगभर उलटं असतं. राजा येतो तेव्हा विमानं येतात. राज्याभिषेक, वाढदिवस, लग्न, रौप्यमहोत्सव. पंचम जॉर्जच्या रौप्यमहोत्सवासाठी जुलै १९३५ मध्ये मिल्डेनहॉलला विमानांच्या रांगा लावून राजानं त्यांची पाहणी केली आणि मग डक्सफर्डला ती त्याच्यासमोरून उडत गेली. १९५३ साली एलिझाबेथ राणीचा राज्याभिषेक झाला तो बीबीसीनं दाखवला. ब्रिटनमध्ये २ कोटींवर लोकांनी तो टीव्हीवर पाहिला. पावसामुळे विमानांची सलामी उशिरा आणि आटोपशीर झाली. पण त्याच दिवशी हवाई दलाची कॅनबेरा विमानं कार्यक्रमाच्या फिल्म घेऊन अटलांटिकपार कॅनडाला गेली, म्हणजे तिकडच्या लोकांनाही त्याच दिवशी टीव्हीवर सोहळा दिसावा! एका विमानानं सलामी द्यायची आणि दुसऱ्यानं ती जगाला दाखवायची सोय करायची. तेव्हापासून ही दोन्ही कामं एकमेकांत मिसळून गेलीत असं मला वाटतं. राजवाड्यासमोरच्या गर्दीला विमानं काही सेकंद दिसतात. खरा कार्यक्रम असतो तो टीव्हीसमोर बसलेल्यांसाठी.

आणि टीव्हीवर एक निवेदक असतो. तो सांगतो हे अमुक विमान, याचा वेग तमुक, यानं ब्रिटनची लढाई जिंकून दिली. ते पैसे कोणी दिले हे सांगायला त्याला वेळ नसतो. विमान तोवर निघून गेलेलं असतं.

मी सांगतो, कारण त्या लग्नानंतर काही वर्षांनी मला ते वाचायला मिळालं आणि मी दोन दिवस दुसरं काही बोलत नव्हतो.

पहिल्या महायुद्धात हैदराबादचा सातवा निजाम मीर उस्मान अली खान यानं ब्रिटिशांना विमानांची एक अख्खी तुकडी भेट दिली. ११० नंबरची स्क्वाड्रन. डीएच-९ए जातीची दोन माणसं बसायची बॉम्बफेकी विमानं. प्रत्येकावर रंगवलेलं होतं की हे हैदराबादच्या निजामानं दिलेलं आहे, आणि खाली अनुक्रमांक. १९१८ च्या सप्टेंबरात ही तुकडी फ्रान्समधून जर्मनीवर जायला लागली. नोव्हेंबरात युद्ध संपलं. तेवढ्या दोन महिन्यांत तिनं १७ विमानं शत्रूच्या मुलखात गमावली आणि आणखी २८ अपघातात मोडली. त्याच वर्षी निजामाला 'हिज एक्झाल्टेड हायनेस' हा किताब मिळाला आणि 'ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त' ही पदवीही.

यातलं एक विमान अजून शिल्लक आहे. त्याच्या अंगावरचं नाव 'हैदराबाद नंबर १२ए'. ५ ऑक्टोबर १९१८ ला ते जर्मनांच्या हाती लागलं, आतले दोघे कैदी झाले. जर्मनांनी ते बर्लिनच्या संग्रहालयात ठेवलं. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांपासून वाचवायला ते पोलंडकडे हलवलं, ते क्राकोत राहिलं. १९७७ मध्ये लंडनच्या हवाई दल संग्रहालयानं ते परत मिळवलं. बदल्यात काय दिलं? एक स्पिटफायर! निजामाच्या त्या विमानाची किंमत कोणी तरी कधी तरी नीट लावली म्हणायची.

आता १९१८ हे साल आमच्या बाजूला कसं होतं? दख्खनभर पावसानं दगा दिला होता आणि वर इन्फ्लुएन्झाची साथ. आमच्या घरात त्या सालाला 'मानमोडीचं साल' म्हणायचे. आजीच्या सासऱ्याचे दोन भाऊ त्या साथीत एका आठवड्यात गेले. आणि निजामाच्या खजिन्यात पैसा यायचा कुठून? शेतसारा, अबकारी, करोडगिरी. मुलूख दिवाणीचा असो की निजामाच्या खासगीतला सर्फ-ए-खास, रान शेवटी कुणबीच कसत होता. अमक्या शेतकऱ्याचा अमका रुपया विमानाला गेला असा हिशेब कोणी मांडत नसतो. पण डबा एकच असेल तर त्यात सगळ्यांचे पैसे असतात.

दुसऱ्या महायुद्धात तर हैदराबादच्या नावाच्या तीन तुकड्या होत्या. जुनी ११० नंबर: तिची ब्लेनहाइम विमानं ४ सप्टेंबर १९३९ ला, म्हणजे युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी, जर्मन आरमारावरच्या ब्रिटनच्या पहिल्या बॉम्बहल्ल्यात होती. दुसरी १५२ नंबर, हिच्याकडे स्पिटफायर. तिच्या बोधचिन्हावर चक्क निजामाची दस्तार आहे आणि ब्रीदवाक्य 'विश्वासू दोस्त'. तिसरी २५३ नंबर, 'हैदराबाद स्टेट', हिच्याकडे हरिकेन. १९४० च्या उन्हाळ्यात लंडन आणि इंग्लंडचा दक्षिण किनारा ज्या वैमानिकांनी राखला त्यांत या दोन्ही तुकड्या होत्या. (हे फक्त निजामाचंच नाही. गायकवाडांच्या नावानं १२४ नंबरची 'बडोदा' स्क्वाड्रनही होती, स्पिटफायरवाली.)

म्हणजे २०११ च्या त्या संध्याकाळी राजवाड्यावरून जी दोन छोटी विमानं गेली, तसलीच विमानं आमच्या मुलखाच्या नावानं लढली होती. आणि आम्ही बीडमध्ये कूलरसमोर बसून त्याकडे परक्याचं लग्न म्हणून बघत होतो.

यातला खरा विचित्र भाग पुढे आहे. १५ सप्टेंबर १९४५ ला, युद्ध संपल्यावर, ब्रिटनच्या लढाईच्या आठवणीसाठी सुमारे ३०० लढाऊ विमानं लंडनवरून गेली. बरोबर तीन वर्षांनी, १५ सप्टेंबर १९४८ ला, हैदराबादवरची पोलीस कारवाई ऐन मध्यावर होती. १३ ला सुरू झाली, १७ ला निजामानं शरणागती जाहीर केली. या कारवाईत भारतीय हवाई दलानं पुण्याहून जी विमानं पाठवली ती टेम्पेस्ट होती. टेम्पेस्ट कोणी बनवलं? हॉकर कंपनीनं. हरिकेनही त्याच कंपनीचं, दोन्हींचा आराखडा करणारा माणूसही एकच, सिडनी कॅम. 'हैदराबाद स्टेट'च्या नावानं उडणाऱ्या विमानाचा धाकटा भाऊ हैदराबाद स्टेट बुडवायला आला!

आणि त्या मोठ्या लँकेस्टरचं काय? कारवाईच्या आधीच्या महिन्यांत सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक रात्री-अपरात्री कराचीहून निजामासाठी शस्त्रं आणत होता. बीदर आणि वारंगळला उतरवत होता. त्याची विमानं होती लँकेस्ट्रियन, म्हणजे लँकेस्टरचंच बिनलष्करी रूप. तेव्हा टीव्हीतला आवाज ओळखीचा वाटला यात आजीची काहीच चूक नव्हती. तिच्या तरुणपणी दख्खनच्या आभाळात त्याच घराण्यातली विमानं फिरत होती.

ब्रिटिशांनी मात्र दोस्ती पाळली ती नावापुरती. १९४८ मध्ये निजामाच्या मदतीला एकही ब्रिटिश विमान आलं नाही. पण 'हैदराबाद' हे नाव ११० नंबरच्या तुकडीच्या कागदावर १९७१ पर्यंत, ती बंद होईपर्यंत, राहिलं. राज्य गेल्यावर २३ वर्षं!

हे सगळं वाचून मला आधी अभिमान वाटला. मग राग आला. मग दोन्ही पुरेसे वाटेनात. ज्या विमानांनी हिटलरला अडवलं त्यात आमच्या मातीचा वाटा होता, हे काही लाज वाटावं असं नाही. पण तो वाटा न विचारता घेतलेला होता, आणि देणाऱ्याला आपण दिलं हे कधी कळलंही नाही. किताब निजामाला मिळाला, विजय लंडनला मिळाला. आजीच्या सासऱ्याला शेतसाऱ्याची पावती.

१९४८ चं विमानही माझ्या मनात आता पूर्वीइतकं सोपं राहिलं नाही. १७ सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो, झेंडा फडकतो, आणि तो फडकायलाच हवा. पण आजी ही गोष्ट सांगताना शेवटी नेहमी आवाज खाली आणायची. विमान गेल्यानंतरच्या दिवसांत वेशीजवळची मुसलमानांची घरं रिकामी झाली. त्यातल्या एका घरातल्या सुनेशी तिची गट्टी होती, दोघी एकाच विहिरीवर पाणी भरायच्या. "ती गेली ती गेलीच," एवढंच म्हणायची. पंडित सुंदरलाल समितीनं नंतर जे जास्त झळ बसलेले आठ जिल्हे नोंदवले त्यात बीडचं नाव आहे. सलामीच्या विमानांखाली काय घडतं ते वरून दिसत नाही, आणि टीव्हीवर तर नाहीच.

आपल्याकडेही दरवर्षी २६ जानेवारीला विमानं जातात. ज्या रस्त्यावरून जातात तो आधी किंग्ज वे होता, मग राजपथ झाला, २०२२ पासून कर्तव्यपथ आहे. २०२२ च्या संचलनात ७५ विमानं होती आणि दूरदर्शननं पहिल्यांदाच वैमानिकाच्या जागेवरून दिसणारी दृश्यं दाखवली. मी श्वास रोखून बघितलं. लहानपणी गावात एकुलता एक ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता, मुंग्यांनी भरलेला पडदा, आणि कॅमेरा वळेपर्यंत विमानं गेलेली असायची. तरी सगळी पोरं टाळ्या वाजवायची. आजही वाजवाव्याशा वाटतात. फरक एवढाच की ही विमानं कोणाची, याचं उत्तर आता देता येतं. आपली आहेत. पैसे आपले आहेत हे आपल्याला माहीत आहे, आणि कितीला पडलं ते विचारायचा हक्कही आहे. सोहळ्याची हौस राजांकडून आली असेल, पण हा प्रश्न विचारणं ही प्रजासत्ताकाची मिळकत आहे.

असो. आजी २०१४ मध्ये गेली. हे मला कळलं तेव्हा ती नव्हती. १९४० मध्ये स्पिटफायरसाठी देणग्या गोळा करताना एका विमानाची किंमत ५००० पौंड धरायचे. तिच्या प्रश्नाचं हे सरळ उत्तर. पण समोर असती तर मी एवढ्यावर थांबलो नसतो. म्हटलं असतं, आजी, कितीला पडलं ते विचारू नकोस, आपण त्यात पैसे घातलेत.

ती काय म्हणाली असती तेही मला माहीत आहे. "मंग एक चक्कर तरी मारू द्यायची का न्हाई?"