कोरियाचा महाकोश आणि परकीय साहाय्य

दक्षिण कोरियाच्या युद्धोत्तर उत्कर्षाचे श्रेय बहुधा अमेरिकेच्या द्रव्यसाहाय्यास दिले जाते. हे मत निराधार नव्हे. परंतु ते साहाय्य कोणत्या समाजास मिळाले, हा विचार त्यात राहून जातो. एका शब्दकोशाच्या इतिहासावरून तो करता येण्याजोगा आहे.

जपानी अमलात १९३८ साली शाळांतील कोरियन भाषा ऐच्छिक ठरली. १९४२ मध्ये कोरियन भाषा परिषदेच्या सभासदांची धरपकड होऊन कोशाचे हस्तलिखित जप्त झाले. ई युन-जे व हान जिंग हे अभ्यासक तुरुंगातच निवर्तले. सप्टेंबर १९४५ मध्ये ते हस्तलिखित सोल रेल्वेस्थानकाच्या गोदामात सापडले. पहिला खंड १९४७ मध्ये निघाला. पुढील खंडांच्या छपाईसाठी मात्र सामग्री नव्हती. ती रॉकफेलर प्रतिष्ठानाने पुरविली. मध्ये युद्ध आले, आणि सहावा व अखेरचा खंड १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. कागद परक्यांचा, शब्द मात्र कोरियनांनी तुरुंगवास सोसून जमविलेले, असा हा व्यवहार होता.

युद्ध संपत असतानाच आणखी एक विघ्न उद्भवले, तेही स्वकीयांकडून. दीर्घकाळ अमेरिकेत राहिलेले राष्ट्राध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांना परिषदेची लेखनपद्धती क्लिष्ट वाटे. जुन्या, सोप्या पद्धतीकडे वळण्याचा आदेश १९५३ मध्ये निघाला. विद्वान, शिक्षक आणि वृत्तपत्रे यांनी इतका विरोध केला की सप्टेंबर १९५५ मध्ये अध्यक्षांना माघार घ्यावी लागली. विरोधकांची गय न करणारा हा सत्ताधीश शुद्धलेखनापुढे हरला, ही गोष्ट राजकीय इतिहासकारांनी उपेक्षावी इतकी क्षुल्लक नाही.

मुक्तीच्या वेळी बहुसंख्य प्रौढ निरक्षर होते. हंगुल लिपीतील पाठ्यपुस्तके वाचून वाढलेली पहिली पिढी एप्रिल १९६० मध्ये रस्त्यावर उतरली आणि मार्चमधील निवडणुकीतील गैरप्रकारांचा जाब तिने विचारला. २६ एप्रिलला ऱ्ही यांनी पदत्यागाची घोषणा केली. अमेरिकेच्या साहाय्याने त्यांची राजवट पोसली होती आणि त्यांना पदच्युत करणाऱ्यांच्या शाळाही, हे येथे मान्य करावेच लागते.

पुढे १९६१ मध्ये पार्क चुंग-ही यांनी सत्ता बळकावली. जपानशी १९६५ साली झालेल्या करारान्वये ३० कोटी डॉलर अनुदान व २० कोटी डॉलर कर्ज मिळून पोहांगच्या पोलाद कारखान्यासारखे उद्योग उभे राहिले. संपत्ती वाढली, परंतु राष्ट्राध्यक्षाची प्रत्यक्ष निवडणूक जून १९८७ च्या जनआंदोलनानंतरच पुन्हा लाभली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘हांग्योरे’ हे दैनिक हजारो नागरिकांच्या भागभांडवलातून निघाले. चिनी अक्षरे वगळून ते पहिल्या अंकापासून केवळ हंगुलमध्ये छापले गेले.