लुगड्यांचं गाव आणि शिवणखोलीतला प्रेषित

पारोळ्याच्या माणसाला गावचा इतिहास विचारावा, की तो तुम्हाला थेट किल्ल्यात नेतो. १७२७ साली जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी बांधलेला भुईकोट, त्याचे बुरूज, त्याचा खंदक. शिवाय झाशीच्या राणीचं माहेरचं तांबे घराणं. एवढं सांगून झालं की तो मिशीवर हात फिरवून चहा मागवतो. (पैसे बहुधा पाहुणा देतो.) त्या काळी घराघरांत काय चालत असे, असं विचारलंत तर तो तुमच्याकडे कीव करून पाहतो. “घरात? घरात बायका!”

संपला इतिहास.

इंग्रजांच्या जुन्या गॅझेटियरात पारोळ्याच्या व्यापारातल्या वस्तू मोजल्या आहेत: गुरं, कापूस, लुगडी आणि धान्य. आता लुगडं काही झाडाला लागत नाही. ते मागावर चढण्याआधी सूत उकलायचं, खळ द्यायची, कांड्या भरायच्या. विणकराच्या घरात यातलं कितीतरी काम बायकांच्या हातून होई. साहेबाच्या यादीत लुगडी आली, हात राहिले. गुरांची मात्र आठवणीने नोंद झाली.

हे मनात येण्याचं कारण एका फ्रेंच माणसाची चित्रं. एदुआर व्युइयार त्याचं नाव, जन्म १८६८चा. वडील लष्करातून निवृत्त झालेले. एदुआर पंधरा-सोळा वर्षांचा असताना ते वारले. घर चाललं आईच्या सुईवर. पॅरिसमधल्या राहत्या घरातच ती कॉर्सेट शिवून घेई. कॉर्सेट म्हणजे बाईची कंबर आवळून तिला धड श्वासही घेऊ न देणारी चोळी. श्रीमंतांच्या बायकांनी श्वास कोंडावा, म्हणून गरिबांच्या बायकांनी डोळे फोडावेत, असा तो व्यवहार!

मुलगा चित्रकार झाला आणि ‘नबी’ नावाच्या तरुण चित्रकारांच्या टोळीत सामील झाला. नबी म्हणजे प्रेषित. प्रेषित म्हटला की त्याने डोंगरावर जावं, दाढी वाढवावी. दाढी त्याने वाढवली; डोंगरावर मात्र गेला नाही. हा प्रेषित आईच्या शिवणखोलीतच बसून राहिला. लग्न केलं नाही. १९२८ साली आई वारली तेव्हा तो साठीचा होता, आणि तोवर तिच्याजवळच राहत होता. आपल्याकडे अशा मुलाला लोक काय म्हणतात, ते मी सांगायला नको.

पण त्याने पाहिलं काय? १८९३ सालचं त्याचं एक चित्र अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. जेमतेम हातभर उंचीचं. विषय म्हणाल तर बायका शिवतायत आणि सुईतला दोरा ओढला जातोय. बस्स. राजा नाही, लढाई नाही. त्याच्या अशा चित्रांत भिंतीवर फुलाफुलांचा कागद, अंगात ठिपक्यांचे नाही तर चौकटींचे कपडे, आणि बाई कुठे संपते नि भिंत कुठे सुरू होते ते पटकन कळत नाही. टीकाकार याला सजावट म्हणतात. मला वाटतं, वर्षानुवर्षं एकाच खोलीत शिवत बसलेली बाई घरच्यांना अशीच दिसत असणार. म्हणजे दिसतच नसणार.

याच्याहून एकच वर्षाने मोठे आपले महादेव विश्वनाथ धुरंधर. जन्म १८६७, कोल्हापूर. त्यांनीही बायका पुष्कळ रंगवल्या. पण आपल्या ध्यानात राहिला तो त्यांचा शिवराज्याभिषेक. दोष त्यांचा नाही, आपल्या भिंतींचा आहे. दिवाणखान्यात सिंहासन शोभतं. कांडी भरणारी आजी शोभत नाही.

पारोळ्याला व्युइयार लाभला नाही. पण लुगडं विरलं की त्याची गोधडी होते: आईच्या लुगड्याचा एक तुकडा, आजीच्या लुगड्याचा दुसरा, आणि वर बारीक-बारीक उभे-आडवे टाके. त्यावर सही नसते, साल नसतं. किल्ल्याचे दगड मोजून झाले असतील, तर इतिहासकारांनी जरा तेही टाके मोजायला घ्यावेत. एक अट आहे: मोजताना गोधडी अंगावर घेऊ नये. झोप लागते.