तारतंत्री, परवाना आणि प्रमाणपत्र

पालघर तालुक्यात बोईसरला लागून असलेल्या सरावली या गावी घरगुती विजेचे काम शिकू इच्छिणारा मुलगा एकच प्रश्न विचारतो : 'लायसन कसे मिळते?' कायद्याच्या दृष्टीने मात्र या प्रश्नाची उत्तरे तीन आहेत. एका बोली शब्दाखाली तीन भिन्न अधिकार झाकले गेले आहेत. ते कसे निर्माण झाले व मराठीत त्यांना कोणती नावे मिळाली, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

या परिसरात हा प्रश्न उद्भवण्याचे कारण उघड आहे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे त्याची तारापूर औद्योगिक वसाहत बोईसर-सरावलीच्या परिसरात वसली. १९६९ साली जवळच तारापूर येथे देशातील पहिले अणुविद्युत केंद्र सुरू झाले. शेती व मासेमारी यांवर चालणाऱ्या या पट्ट्यात कारखाने आले, त्यांमागोमाग कामगारांच्या चाळी आल्या, आणि प्रत्येक खोलीत तारा ओढणारा माणूस हवा झाला. वीज निर्माण करणाऱ्या केंद्रात तज्ज्ञांचा पहारा असतो. चाळीतील खोलीत तारेचा जोड कोणी दिला हे पाहण्यास बहुधा कोणीही नसते.

कायद्याने ही उणीव फार पूर्वी ओळखली होती. १९१० च्या भारतीय विद्युत अधिनियमान्वये १९३७ चे व नंतर १९५६ चे नियम झाले. १९५६ च्या नियमांतील ४५ वा नियम आपल्या विषयाचा गाभा होय. दिवा, पंखा, फ्यूज, बटण किंवा कमी दाबाचे घरगुती उपकरण बदलणे यांसारखी, मांडणीची क्षमता वा स्वरूप न पालटणारी कामे त्याने मोकळी ठेवली. इतर कामांसाठी तिघांची आवश्यकता सांगितली : अनुज्ञप्ती असलेला ठेकेदार, पात्रतेचे प्रमाणपत्र असलेला पर्यवेक्षक, आणि प्रत्यक्ष काम करणारा परवानाधारक. १९१० च्या अधिनियमाची जागा २००३ च्या विद्युत अधिनियमाने घेतली. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० साली व पुन्हा २०२३ साली सुरक्षाविषयक विनियम केले. तरी या त्रिविध रचनेचा सांगाडा टिकून राहिला.

शिक्षणाचा प्रवाह मात्र निराळ्या उगमातून आला. १९५० साली केंद्र शासनाने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली, १९५६ साली व्यवसाय प्रशिक्षणासाठी राष्ट्रीय परिषद नेमली आणि १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा अधिनियम झाला. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वीजतंत्री व तारतंत्री हे दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे. पहिल्यासाठी विज्ञान व गणितासह दहावी, तर दुसऱ्यासाठी आठवी उत्तीर्ण असणे पुरे होते. या योजनेचा हेतू रोजगार व उत्पादन हा होता. नियमाचा हेतू जीवितरक्षण हा होता. यास्तव संस्थेचे प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. ते परवान्याकडे नेणारी एक वाट होय. अनुभवानंतर राज्याच्या अनुज्ञापक मंडळाची परीक्षा देणे ही दुसरी.

आता शब्दांकडे वळू. १९६० साली महाराष्ट्र राज्य व भाषा संचालनालय स्थापन झाल्यावर प्रशासनासाठी मराठी परिभाषा घडू लागली. 'वीजतंत्री'मधील 'वीज' प्राकृतातून उतरलेली, तर 'तंत्री' संस्कृत वळणाचा. 'तारतंत्री' हा समास अधिक मौजेचा आहे. संस्कृतात 'तंत्री' म्हणजे वीणेची तार, परंतु येथे अभिप्रेत आहे तंत्र जाणणारा. 'अनुज्ञप्ती' संस्कृत, 'परवाना' फारसी. परिभाषेने ठेकेदाराचा अधिकार आणि कारागिराचा अधिकार यांस अशी वेगळी नावे दिली. 'लायसन' या शब्दाने ती पुन्हा एकत्र कालविली.

ही केवळ कोशकाराची अडचण नव्हे. प्रमाणपत्र हाती येताच सर्व अधिकार मिळाले असे मानणारा तरुण नकळत नियमभंग करतो. उलट, वर्षानुवर्षे ठेकेदाराच्या हाताखाली राबलेला कारागीर परीक्षेची वाट ठाऊक नसल्यामुळे परवान्यावाचून राहतो. काम त्याचे, सही दुसऱ्याची, आणि अपघात झाल्यास त्याचे नाव कोणत्याही कागदावर सापडत नाही. अनुज्ञप्ती, प्रमाणपत्र व परवाना या तीन शब्दांतील भेद अभ्यासक्रमाच्या पहिल्याच पाठात, बोलीतील 'लायसन'पासून आरंभ करून शिकविला गेला, तर नियमाचा मूळ हेतू सरावलीच्या चाळीपर्यंत पोचेल. परिभाषेची खरी कसोटी कोशात होत नसून तारेला हात लावणाऱ्याच्या बोलण्यात होते.